ब्रेक्के म्हणजे चढ

लेकीनं मिनेसोटातून फोटो पाठवला:
बर्फात अर्धं बुडालेलं थडगं, त्यावर हालवर ब्रेक्के,
आणि शेजारी काठी टेकून सत्त्याऐंशी वर्षांच्या आर्लीनबाई,
ज्यांच्या माडीवर ती भाड्यानं राहते.
खाली लिहिलेलं: पप्पा, तुमची हयात तलाठी कचेरीत गेली,
यांच्या आज्याचा एक भाऊ हरवलाय,
जरा बघा.

जरा बघा!
आळसंदच्या पारावर बसून मी नॉर्वे बघायचा.
पण रिटायर कारकुनाला दुसरं काम काय.
चष्मा पुसला, वहीत वर ओले लिहिला, खाली चार मुलगे.
वावर थोरल्याच्या नावावर,
बाकीच्या तिघांना समुद्र.

लेकीनं समजावलं, त्यांच्यात आडनाव असं नसायचं,
ज्या रानात राहाल त्याचं नाव तुमचं.
ब्रेक्के म्हणजे चढ.
मला काय नवल नाही. आमच्यातही अजून
वढ्याकडचे, माळावरचे, खालच्या अंगाचे
अशीच हाक मारतात.
हालवर आपला चढ घेऊन उतरला अशा मुलखात
जिथं बांधाएवढाही उंचवटा नाही.
दुसऱ्यानं बापाचं नाव लावलं, ओल्सन झाला.
तिसरा लार्स. चर्चच्या वहीत एवढंच, की पश्चिमेला गेला.
घरात सांगायचे, तापानं मेला. मागं कोणी नाही.

मागं कोणी नाही.
ही ओळ मी किती वेळा लिहिलीय,
निळ्या शाईत, फेरफाराच्या वहीत.

मी कळवलं, चढ सोडा, बाप शोधा.
थंडी सरता सरता सापडला:
एल. ओल्सन, डाकोटा, सात मुलं.
आर्लीनबाई आधी रडल्या म्हणे,
मग डोळे पुसून विचारलं,
जमीन किती होती?

शाळू काढून झाला आणि यल्लाप्पा हेळवी आला.
बैलाची आता मोटारसायकल झालीय, पोथी तीच.
चहा बशीत ओतून म्हणू लागला,
मल्हारीचे पोटी दोघे, बाळा आणि तातोबा,
तातोबा दक्षिणेला गेला, सेलमला, सोनं गाळायला,
तातोबाचे पोटी दोन मुलगे...
मी म्हटलं, थांब.
आमच्या उताऱ्यावर तातोबा निपुत्रिक आहे.
त्यानं मान वर केली नाही.
उतारा तुमचा, सायब. पोथी माझ्या बापाची.

बासष्ट सालची नोंद.
अर्ज माझ्या वडिलांचा. मी ती कचेरीत दोनदा पाहिली होती,
सहीचं वळण बघत बसलो होतो,
किती सुंदर र काढायचे.

धाकटा म्हणाला, दादा, उकरू नकोस.
टेंभूचं पाणी आत्ता कुठं बांधाला लागलंय,
गुंठ्याचा भाव बघ एकदा.
आणि गोठ्याकडं गेला. चिडलाही नाही.

हेळव्याला मी दोन पायल्या घातल्या.
एक आमची. दुसरी कुणाची?
लिही, म्हटलं, ओलेचे पोटी चौघे,
लार्सचे पोटी सात.
त्यानं कानडीत काहीतरी उमटवलं, बोट ओलं करून पान दाबलं.
देवक?
मला सुचेना.
चढ लिही, म्हटलं.

सेलमला आडनावं नसतात,
नावाआधी बापाचं एक अक्षर, बस.
पुतण्याच्या पोरानं फोनवर शोधून दिलं:
टी. मल्लारी, गोल्ड टेस्टिंग, दुसरा मजला,
बाजार गल्ली.
फोटोत दुकानाची पायरी, तराजू,
आणि एक म्हातारा,
कान सगळे आमच्या घरातले.

नंबर सात-बाराच्या पाठीवर लिहून ठेवलाय.
मराठी येत असेल का त्याला?
नसली तर आकडे तरी कळतील.
त्यानं विचारायच्या आत
आपणच सांगून टाकावं,
चार एकर अकरा गुंठे.
वढ्याकडची.